तटस्थ माणसाचे हाल

जबलपूरच्या घमापुरात भिंतीला भिंत लागून घरं आहेत, त्यामुळे क्रिकेट बघायला डोळ्यांची फारशी गरज पडत नाही. आमच्या घरी सामना इंटरनेटवरून येतो आणि समोरच्या भाईसाहेबांकडे केबलवरून. दोघांत चांगलं अर्ध्या-पाऊण मिनिटाचं अंतर. आमचा गोलंदाज अजून पँटला चेंडू घासत असतो आणि गल्लीतून आरोळी येते, “गओ!” कोण गेला, कसा गेला, ते आम्हाला अजून बघायचं असतं. पण गेला एवढं नक्की. त्यानंतर मी सोफ्यावर मागे रेलतो आणि पुढचा चेंडू शांत चित्ताने बघतो. बायकोचा समज असा की पन्नाशीनंतर माझ्या स्वभावात फरक पडला.

२९ जून २०२४ च्या रात्री, टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, या विद्येचा कळस झाला. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या, समोर मिलर, हार्दिक पांड्या अजून क्षेत्ररक्षण लावतोय आणि बाहेर गल्लीत थाळ्या वाजायला लागल्या. मुलगा नखं खात होता. मिलरने चेंडू उंच उडवला, मुलाने डोळे मिटले आणि मी म्हटलं, “झेल आहे. सीमारेषेवर. सूर्या घेईल.” सूर्याने तो दोरीच्या आत घेतला, बाहेर जाताना वर उडवला, परत आत येऊन घेतला. मुलगा माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिला, त्या नजरेने त्याने माझ्याकडे आधी कधी बघितलेलं नाही, नंतरही नाही. (सूर्याचं नाव मला कसं कळलं? गल्लीतली पोरं “सूर्या! सूर्या!” करून बोंबलत होती. मुलाच्या कानात इअरफोन होता, हे माझं भाग्य.)

आवाजावर विसंबून राहण्यात या शहरात थोडा धोका आहे, हेही सांगायला हवं. १९०४ पासून इथे तोफांचा कारखाना आहे. खमरियाच्या बाजूने धडाम झालं तर तो षटकारावरचा सुतळी बॉम्ब असेलच असं नाही, सरकारी चाचणीही असू शकते. नवे भाडेकरू उगीचच नाचून घेतात.

पण माझं दुखणं आवाजाचं नाही. कोणाच्या बाजूने नाचायचं, हे आहे. ज्यांची मातृभाषा आणि रेशनकार्ड एकाच राज्यातलं असतं, त्यांना हे कळायचं नाही. आजोबा नागपूरकडून जबलपूरला कारकून म्हणून आले तेव्हा दोन्ही गावं एकाच मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होती. म्हणजे ते परक्या मुलखात आले नव्हते, त्यांची नुसती बदली झाली होती. १९५६ साली नवी राज्यं झाली, नागपूर एकीकडे गेलं, जबलपूर दुसरीकडे. आजोबा जिथल्या तिथे बसून राहिले आणि बसल्या जागी परप्रांतीय झाले. वडील तोफांच्या कारखान्यात लागले. भोंगा व्हायच्या आत सायकलने पोचता यावं म्हणून त्यांनी घमापुरात घर केलं. तेव्हापासून आम्ही गल्लीत ‘मराठी लोग’ आणि महाराष्ट्रातल्या लग्नकार्यात ‘जबलपूरचे’. इतर दिवशी यात काही वावगं नाही. क्रिकेटच्या दिवशी हिशेब होतो.

वडिलांच्या काळात हा हिशेब गावस्करच्या नावावर चाले. ट्रान्झिस्टरवर सुशील दोशींचं हिंदी समालोचन लागलेलं असे. माणूस इंदूरचा, म्हणून गल्लीला तो आपला वाटे, आणि तो ज्याचं वर्णन करी तो गावस्कर मुंबईचा, म्हणून वडिलांना तो घरातला वाटे. गावस्करने शतक केलं की वडील मुद्दाम पायी चौकापर्यंत जाऊन यायचे, काही आणायचं नसलं तरी. शून्यावर गेला की मागच्या बोळातून कामावर. कारण चौकात कोणीतरी हमखास विचारणार, “आपके गावस्कर को क्या हो गया?” जणू सकाळी वडिलांनीच त्याला डबा देऊन पाठवला होता. हिंदी मुलखातल्या मराठी माणसाला गावस्कर, मुंबईचा पाऊस आणि लोकलची गर्दी या तिन्ही गोष्टींचा जाब द्यावा लागतो.

त्यामुळे पराभवांचेही आमच्याकडे दोन प्रकार होते. १८ एप्रिल १९८६ ला शारजात मियाँदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारला तेव्हा सगळी गल्ली जेवली नाही. वडीलही जेवले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान होतं. तो चेंडू टाकणारा चेतन शर्मा हरियाणाचा होता. वडील दुःखी होते, पण निर्दोष होते. १३ मार्च १९९६ ला मात्र सुटका नव्हती. ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर श्रीलंका, सचिन ६५ वर यष्टिचीत, मग मांजरेकर, मग सगळी रांग, १ बाद ९८ चे ८ बाद १२०, लोकांनी बाटल्या फेकल्या आणि कांबळी रडत रडत तंबूत. बादांच्या यादीत अझरुद्दीनही होता, पण गल्लीला रडणारा कांबळी तेवढा दिसला. रात्री शेजारच्या भाभींनी सुतकाच्या घरी पाठवावा तसा झाकलेला डबा पाठवला. आत कढी आणि भात. वडिलांनी तो मुकाट्याने खाल्ला आणि म्हणाले, “हरियाणावाल्यांना कोणी पाठवला नव्हता.”

अर्थात गल्लीही काही कच्ची नाही. २४ फेब्रुवारी २०१० ला सचिनने ग्वाल्हेरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० केले. पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतलं पहिलं द्विशतक. त्या रात्री निदान आपली छाती वर असावी, अशी माझी माफक अपेक्षा होती. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एका जाणकाराने मला गाठलं. “काय बड्डे, मैदान का नाम क्या है?” कॅप्टन रूपसिंग स्टेडियम. “रूपसिंह कहाँ पैदा हुए थे?” आता हे खरं आहे की ध्यानचंदचे धाकटे भाऊ रूपसिंग १९०८ साली जबलपुरात जन्मले. हॉकीतला केवढा मोठा माणूस! १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर २४ गोल केले, त्यांतले १० त्यांचे. “मतलब डबल सेंचुरी जबलपुर के खाते में,” असा निकाल लागला. चहाचे पैसे मात्र मी दिले, कारण सचिन माझा होता.

अशा प्रसंगांसाठी मी एक माणूस राखून ठेवलेला आहे. चंदू सरवटे. जन्म १९२० चा, सागरचा, म्हणजे आमच्याच बाजूचा, आडनाव मराठी, खेळले होळकरांच्या संघाकडून. माझ्या सगळ्या अटींत बसणारा एवढा एकच क्रिकेटपटू मला सापडला आहे. १९४६ च्या दौऱ्यात ओव्हलवर सरे संघाविरुद्ध भारताचे ९ बाद २०५ झाले होते. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाला सरवटे आणि शुटे बॅनर्जी. दोघांनी शेवटच्या जोडीसाठी २४९ धावा काढल्या, दोघांचीही शतकं, सरवटे नाबाद १२४. मी हे टपरीवर सांगितलं की क्षणभर सगळे गप्प होतात. मग कोणीतरी विचारतो, “सागर का था, मतलब अपना ही हुआ न?” सरवटे वकील होते आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञही. त्यांनी आमच्या गल्लीच्या दाव्यांकडे एकदा बघायला हवं होतं.

तरीही हे सगळं लांबचं होतं. खरा प्रसंग आला जून २०२२ मध्ये. रणजी करंडकाचा अंतिम सामना, बंगळुरू, मध्य प्रदेश विरुद्ध मुंबई. मुंबईने तोवर ४१ वेळा हा करंडक जिंकलेला, मध्य प्रदेशने एकदाही नाही. होळकर संघाने चार वेळा नेला होता, पण तो होळकरांचा काळ. मी संघांची यादी वाचायला घेतली. तिकडे धवल कुलकर्णी, तुषार देशपांडे, सुवेद पारकर, हार्दिक तामोरे, शम्स मुलाणी. वाचताना आत्याच्या मुलीच्या लग्नाला गेल्यासारखं वाटलं. इकडे दुबे, शर्मा, श्रीवास्तव, जैन, अग्रवाल, यादव, म्हणजे आमच्या गल्लीतल्या दारांवरच्या पाट्या. एकीकडे माझी नाती, दुसरीकडे माझं पाणी भरून ठेवणारे लोक. मी तटस्थ राहायचं ठरवलं आणि तसं घरात जाहीरही केलं. कोणी विचारलं नव्हतं.

तटस्थता हा बिनखर्चाचा प्रकार आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी पाच दिवसांचा सामना तसा बघून दाखवावा. सर्फराजने शतक काढलं तेव्हा मी टाळी वाजवली आणि खिडकीतून भाईसाहेबांनी बघितलं. पुढे यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार अशी तिघांची शतकं लागली, मी प्रत्येकाला टाळी वाजवली, भाईसाहेब एकदाही खिडकीत नव्हते. मध्य प्रदेशच्या ५३६ झाल्या. दुसऱ्या डावात मुंबई २६९ वर संपली आणि समोर लक्ष्य राहिलं फक्त १०८. रविवार होता. चार गडी गेले, पण सामना हातातून गेला नाही, आणि आमच्या गल्लीत ढोल आला.

पहिला फोन डोंबिवलीच्या आत्याचा. “काय रे, मुंबईला हरवलंत ना तुम्ही? बरं वाटलं ना?” आवाजात अशी धार, की जणू पाटीदारला मीच सराव दिला होता. आत्या, मी तटस्थ होतो, असं म्हणेपर्यंत तिने फोन काकांकडे दिला. तेवढ्यात दारात भाईसाहेब, हातात खव्याच्या जलेबीचा पुडा, चेहरा गंभीर. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “दिल छोटा मत कीजिए. हार-जीत लगी रहती है. आपकी मुंबई अगले साल जीतेगी.” एका कानाशी काका मला विजयाबद्दल झापत होते आणि दुसऱ्या कानाशी भाईसाहेब पराभवाबद्दल सांत्वन करत होते. एका सामन्यात दोन्ही संघांकडून हरलेला माणूस रणजीच्या इतिहासात दुसरा नसावा. जलेबी मात्र गरम होती.

“सब पंडितजी की कृपा है,” भाईसाहेब म्हणाले. ते प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांबद्दल बोलत होते. पाच दिवस ते त्यांना बनारसच्या बाजूचे कोणी समजत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी सांगितलं की हे पंडित मुंबईचे, मुंबईकडून खेळलेले, पक्के मराठी. भाईसाहेबांनी जलेबीचा तुकडा हातातच धरला. बराच विचार करून म्हणाले, “तो फिर आप आधे जीते.” आणि पुड्यातली आणखी एक माझ्या ताटलीत ठेवली.

टीव्हीवर पंडित रडत होते. १९९९ साली याच मैदानावर ते मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून कर्नाटकाकडून अंतिम सामना हरले होते. तेवीस वर्षांनी प्रशिक्षक होऊन आले आणि तोच करंडक घेतला. मुंबईचा माणूस, मध्य प्रदेशासाठी, मुंबईला हरवून रडतोय. मला ते बघवेना. माझेही डोळे भरून आले. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. “अहो,” ती म्हणाली, “कोणाकडून रडताय?”

तिचं हसू फार काळ टिकू नये असं मला तेव्हा वाटलं असेल, पण मी ते बोललो नव्हतो. बायको नागपूरची. मार्च २०२४ मध्ये रणजीच्या उपांत्य फेरीत विदर्भ आणि मध्य प्रदेश समोरासमोर आले, तेही नागपूरला, जामठ्याच्या मैदानावर. जिला आजवर पायचीत म्हणजे पायाला लागणं एवढंच ठाऊक होतं, ती भाजी चिरताना विचारायला लागली की खेळपट्टी चौथ्या दिवशी वळेल का. मध्य प्रदेशला ३२१ हव्या होत्या, २५८ वर आटोपले. मेहुण्याचा फोन आला. “भाऊजी, काय करून राहिले? जेवले का?” विदर्भाची माणसं आनंदात असली की आधी जेवणाची चौकशी करतात. मग हळूच मुद्द्यावर आला. विदर्भाने २०१८ आणि २०१९ असे लागोपाठ दोन करंडक जिंकले तेव्हा प्रशिक्षक पंडितच होते. “म्हणजे आमच्याकडे शिकूनच तर तुमच्याकडे आले ना ते. तुमचा बावीसचा करंडक बी आमचाच समजा.” रूपसिंगांच्या द्विशतकाची आठवण होऊन मी त्याला टपरीवरच्या जाणकाराचा नंबर देऊ केला. पुढे अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भाला हरवलं, तेव्हा बायको आत्याशी आठवडाभर फोनवर फक्त हवामानाबद्दल बोलली.

या सगळ्यातून मुलाने स्वतःची वाट शोधली. तो बंगळुरूच्या आयपीएल संघाचा. लाल जर्सी, भिंतीवर कोहली. माझ्या मते हा पळपुटेपणा होता. ना मातृभाषा, ना रेशनकार्ड. पण २०२५ मध्ये त्या संघाचा कर्णधार झाला इंदूरचा रजत पाटीदार, आणि ३ जूनच्या रात्री अहमदाबादला पंजाबला ६ धावांनी हरवून त्यांनी पहिल्यांदा करंडक उचलला. आमच्याकडे शेवटचं षटक संपायच्या अर्धा मिनिट आधीच भाईसाहेब गल्लीतून ओरडले, “अपना रजत! अपना एमपी!” मुलगा गॅलरीत धावला आणि वरून ओरडला, “अंकल, एमपी नहीं, आरसीबी!” भाईसाहेबांना ते पटलं नाही. ते मला विचारायला वर बघत होते. मी पडदा ओढून घेतला.

आत्याचा फोन आलाच. तिला नातवाकडून निकाल कळला होता, पण तिची अडचण वेगळी होती. “बंगळुरूला आपलं कोण आहे रे?” मुलगा अभिमानाने म्हणाला, “कोणीच नाही, आजी.” आत्याला हे अशक्य वाटलं. तिने मला लाइनवर राहायला सांगितलं, आत काकांना हाक मारली, दोघांचं काहीतरी बोलणं झालं, आणि पाच मिनिटांत माझ्या आजोबांच्या चुलतभावाची पणती व्हाइटफील्डला राहते, तिचा नवरा सोसायटीच्या क्रिकेट संघाचा कर्णधार आहे आणि आम्ही आजवर त्यांना एकदाही फोन केलेला नाही, एवढं सगळं बाहेर निघालं.