बिनहोडीचे कप्तान

प्रत्येक सोसायटीत असा एक तरी माणूस असतोच, ज्याच्याकडे वस्तू नसते, पण तिचं सगळं सामान असतं. कुणाकडे तबल्याची हातोडी असते, तबला नसतो. आमच्या सिडकोतल्या सोसायटीत कप्तान आहेत. नौदलातून निवृत्त झाले तेव्हा हुद्दा बराच खालचा होता; कप्तानपदाची बढती सोसायटीने दिली.

छत्रपती संभाजीनगरहून समुद्र तीनशे किलोमीटरच्या पुढे. तेवढ्यासाठी शिडाच्या होडीचा नाद सोडावा, हे त्यांना मान्य नाही. "अहो, अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलंय. रंगवणाऱ्याला कुणी विचारलं का, इथे समुद्र कुठाय म्हणून?"

होडी पैठणच्या नाथसागरात सोडायची, हे दहा वर्षांपूर्वीच ठरलंय. होडी तेवढी यायची आहे. सामान मात्र मुंबईच्या दारूखान्यातून, मोडीतल्या जहाजांच्या बाजारातून, आलेलं आहे: कांस्याच्या कप्प्या, कड्या, दोर अडकवायच्या खुंट्या. सगळ्यांवर हिरवट तपकिरी साय धरलेली. कप्तान कप्पीचं चाक बोटाने फिरवून कानाशी धरतात. कुरकुरली की आसाला ग्रीसचा थेंब. कडीच्या आट्यात जुना टूथब्रश. मग गोड्या पाण्याने अंघोळ आणि सुती फडक्याने टिपणं. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्याने येतं. त्या दिवशी लोक आधी पिंप भरतात, कप्तान आधी कप्प्या धुतात.

यांना चुकूनही 'पितळी' म्हणू नये. मी म्हणालो होतो.

"पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त निघून जातं, मागे उरतं गुलाबी, भुसभुशीत तांबं. वरून धड, आतून पोकळ. पितळ उघडं पडतं ते असं! कांसं म्हणजे तांबं आणि कथील. तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासता ना, तिच्या भावकीतलं. ते समुद्राला पुरून उरतं." मग आवाज उतरवून म्हणाले, "तरी होडीच्या बुडाशी जस्ताची वडी लावतात. ती झिजते, बाकीचं सामान वाचतं."

आतून काकू म्हणाल्या, "या घरात ती वडी मी आहे."

गेल्या दिवाळीत कप्तान दोन दिवस पुण्याला गेले होते. काकूंनी समया काढल्या, तांबे-पराती काढल्या आणि त्याच ओघात कप्प्याही काढल्या. चिंच, मीठ, वर पीतांबरी. कप्तान परतले तेव्हा दारूखान्याचा माल देवघराशेजारी सोन्यासारखा लखलखत होता.

कप्तान बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एक कडी हातात घेऊन म्हणाले, "ते हिरवं म्हणजे मळ नव्हता गं. धातूने स्वतःसाठी विणलेला अंगरखा होता. समुद्राने वर्षानुवर्षं खपून चढवलेला."

"मग चढेल परत."

"समुद्रावर चढेल. इथे मराठवाड्याच्या कोरड्या हवेत माझा जन्म जाईल."

तेव्हा वाचकहो, घरात समई असेल तर खुशाल घासा. पण कुणाच्या होडीची हिरवी कडी हाती लागली, तर गोड्या पाण्याने धुवा, पुसा आणि सोडून द्या. चिंच आमटीत घाला.