ताणकाटेवाले काका

पुण्यात नदी स्वच्छ करायला निघालेल्या प्रत्येक टोळीत एक काका असतातच. निवृत्त, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी आणि खांद्याच्या पिशवीत ताणकाटा. रविवारी सकाळी सात वाजता एनएसएसची पोरं जांभया देत मुठेच्या काठी जमतात, तेव्हा काका पोत्यांची मोजदाद उरकून बसलेले असतात. मागच्या खेपेला म्हात्रे पुलाखाली किती किलो कचरा निघाला, हे ते "नमस्कार"च्या आधी सांगतात.

काका स्वतः कचरा उचलत नाहीत, असं कुणी म्हणू नये. उचलतात, पण पारखून. थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं ते पोरांवर सोडतात. "पोतं भरतं, काट्यावर काही दिसत नाही." त्यांचा खरा जीव गोधडीवर. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो आणि पाणी ओसरलं की काठच्या झुडपांना साड्या, उशा, गाद्या लटकलेल्या दिसतात. त्यातली एखादी चिखलानं फुगलेली गोधडी चौघं मिळून ओढून आणतात. काका ती आकड्याला अडकवतात, श्वास रोखतात आणि पुकारा करतात, "चोवीस!"

"काका, निम्मं पाणीच आहे त्यात."

"नदीचंच आहे ना? मग धर."

निर्माल्याच्या पिशवीत काच फुटलेली देवाची तसबीर निघाली, तर काका आधी चपला काढतात, हात जोडतात आणि मग ती काट्याला लावतात. राडारोड्याला मात्र हात लावू देत नाहीत. त्यानं आकडा फुगतो, पण ती लबाडी होते म्हणे. माणसाला कुठेतरी तत्त्व हवं.

जलपर्णी म्हणजे तर काकांची दिवाळी. ओली, जड, कितीही काढा, परत हजर! एकदा एका मुलीनं विचारलं, "पण काका, ती वाढते मैलापाण्यावर. ते बघा, त्या नाल्यातून सरळ नदीत येतंय. ते कशात मोजायचं?"

मुलीचं अगदी बरोबर होतं. मुळा-मुठेचं मुख्य दुखणं काठावरच्या चिंध्यांत नाही, प्रक्रिया न होता पात्रात मिसळणाऱ्या सांडपाण्यात आहे. तेच पुढे भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. हातमोजे घालून ते उचलता येत नाही आणि त्याच्यासोबत फोटोही बरा येत नाही.

काकांना हे ठाऊक नाही असं नाही. सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्रकल्पासाठी जपानी कर्जाचा करार २०१६ चा, प्रक्रिया केंद्रं ११, मूळ खर्च सुमारे ९९० कोटी, सगळं त्यांना पाठ. "मग झालं का सगळं, काका?" या पुढच्या प्रश्नाला मात्र त्यांनी जोरात शिट्टी वाजवली. पोह्यांची वेळ झाली होती.

माझं विचाराल तर हा प्रश्न त्या मुलीनं महापालिकेत जाऊन विचारावा, आणि काकांनी शिट्टी घेऊन तिच्यासोबत जावं. तोवर काठ थोडाफार मोकळा होतोय तो या माणसाच्या आकड्यांच्या हौसेवर, हेही खरं. तेव्हा रविवारी जरूर या. हातमोजे घरून आणा. आणि गोधडी सापडलीच, तर काकांसमोर पिळू नका.