अंतरासाठी खाली स्क्रोल करा

पृथ्वीचा विनाश या आठवड्यातही वेळापत्रकाप्रमाणे जाहीर झाला आहे. विमानाएवढा लघुग्रह पृथ्वीच्या दिशेने झेपावतोय, वेग ऐकून धडकी भरेल, शास्त्रज्ञ सतर्क. अंतर? ते शेवटच्या परिच्छेदात, गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात ओलांडली की सापडतं: 40 लाख किलोमीटर. चंद्र सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे. म्हणजे हे झेपावणं चंद्राच्या दहापट लांबून चालू आहे. बरं, विमान तरी कोणतं? पंखांसकट की पंख सोडून? मागे एकदा बस होती, त्याआधी फुटबॉलचं मैदान; अंतराळात इतकी वाहतूक असेल असं वाटलं नव्हतं. मीटर नावाचं एक माप शाळेत शिकवतात, ते बहुधा कापड दुकानांसाठी राखून ठेवलं असावं. आणि संताप याचा येतो, की ज्या तक्त्यातून हे विमान उचललेलं असतं, त्याच तक्त्यात, त्याच ओळीत, शेजारच्या रकान्यात अंतर दिलेलं असतं. विमान उचलणाऱ्या हाताला ते दिसलं नाही, हे कुणी कुणाला सांगायचं?

यावर ठरलेलं उत्तर असं, की मथळ्यांमुळे का होईना, लोकांना विज्ञानाची गोडी लागते. लागते ना! डिसेंबर 2024 मध्ये सापडलेला 2024 वायआर4 हा लघुग्रह साधारण 60 मीटरचा. तो 2032 मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी 2025 मध्ये चढत चढत सुमारे 3 टक्क्यांवर गेली. संभाव्य पट्टा दक्षिण आशियावरून जात होता, तेव्हा मुंबईची आहुती लगोलग देऊन झाली. आठवडाभरात शक्यता जवळजवळ शून्यावर आली आणि ‘शास्त्रज्ञांनाच काही कळत नाही’ एवढी गोडी वाचकाच्या पदरात पडली. खरी मौज त्या चढण्यातच होती. निरीक्षणं मोजकी असतात तेव्हा लघुग्रह त्या दिवशी कुठे असू शकेल, याचा पट्टा लांबलचक निघतो. निरीक्षणं वाढली की पट्टा आखडतो. पृथ्वी त्यात आहे तोवर तिच्या वाट्याचे टक्के चढतात. पट्ट्याचं टोक तिच्यावरून सरकलं की धाडकन उतरतात. एवढं सांगणारा कुणी सापडला, तर त्याचं आधीचं-नंतरचं सगळं वाचून काढावं.

मग धोका खोटाच का? मुळीच नाही. 15 फेब्रुवारी 2013 रोजी जगाचं लक्ष 2012 डीए14 कडे होतं. तो सुमारे 27,700 किलोमीटरवरून, सांगितल्या वेळी, निमूट निघून गेला. त्याच दिवशी काही तास आधी सुमारे 20 मीटरचा दुसराच धोंडा सूर्याच्या बाजूने, कुणाला न दिसता आला आणि रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशात फुटला. जखमी सुमारे 1500, बहुतेक फुटलेल्या काचांनी. उजेडामागून धक्क्याची लाट यायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात माणसं बघायला खिडकीशी जमतात. म्हणजे आकाशात असा लख्ख उजेड दिसला तर खिडकीपासून दूर व्हा, ही एक ओळ जीव वाचवू शकते. दर आठवड्याला विनाश विकणाऱ्यांना ती छापायचं सुचत नाही. घाबरण्याचे पैसे मिळतात. खिडकीपासून दूर होण्याचे कोण देणार?