आई मुलाहून तेरा महिन्यांनी मोठी

मे महिन्यात दुसऱ्या रविवारी मातृदिन येतो आणि १८ तारखेला रीमा लागूंचा स्मृतिदिन. दोन्ही दिवशी फोनवर एकच फोटो फिरतो. खांद्यावरून घेतलेला पदर, कपाळावर मोठं कुंकू, भरून आलेले डोळे. खालची ओळ ठरलेली: ‘पडद्यावरची लाडकी आई’. यंदा मला तो चौघांनी पाठवला. पाठवणाऱ्यांच्या प्रेमाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. माझं भांडण त्या ओळीशी आहे.

जरा वयाचा हिशेब मांडू या. रीमाताईंचा जन्म २१ जून १९५८चा. संजय दत्तचा २९ जुलै १९५९चा. १९९९ साली आलेल्या ‘वास्तव’मध्ये हे दोघे आई आणि मुलगा होते. आई मुलाहून तेरा महिन्यांनी मोठी! बरं, ही काही पहिली खेप नव्हती. त्याआधी आठ वर्षं, ‘साजन’मध्ये, संजय दत्त त्यांचा सांभाळलेला मुलगा होताच. तेव्हा आई तेहतीस वर्षांची आणि मुलगा बत्तीस. ‘मैंने प्यार किया’त सलमान खान चोवीस वर्षांचा, त्याची आई एकतीस. आणि ‘कयामत से कयामत तक’मध्ये जुही चावलाची आई झाल्या तेव्हा रीमाताईंना तिशीसुद्धा लागली नव्हती. त्या वयात हिंदीतला नायक कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गाणी म्हणत असतो आणि चाळिशी उलटली तरी म्हणत राहतो.

पुरुष नटांनाही अकाली म्हातारं केलं जातं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. ‘सारांश’मधले म्हातारे मास्तर झाले तेव्हा अनुपम खेर तिशीच्या आतच होते. पण ‘सारांश’ हा त्या म्हाताऱ्याचाच चित्रपट होता. त्याचं दुःख, त्याचा संताप, त्याची कचेऱ्यांमधली वणवण यांवर अख्खी पटकथा उभी होती. रीमाताईंना पांढरे केस मिळाले, पटकथा मिळाली नाही. तक्रार वयाची नाहीच. नट कुठल्याही वयाचं काम करतो, तो त्याचा धंदाच आहे. तक्रार अशी की वय वाढवून घेतलं आणि बदल्यात माणूस दिला नाही, फक्त नातं दिलं. नायकाला आई लागते म्हणून आई.

ही रीत जुनी आहे आणि तिची झळ मराठी अभिनेत्रींना जास्त लागली. सुलोचनादीदींचंच बघा. मराठीत नायिका म्हणून गाजलेली ही बाई हिंदीत गेली आणि कायमची आई झाली. १९७० सालच्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये त्या देव आनंदची आई होत्या. देव आनंदचा जन्म १९२३चा, सुलोचनादीदींचा १९२८चा. म्हणजे मुलगाच आईपेक्षा पाच वर्षांनी मोठा. लोकांनी तेही गोड मानून घेतलं. मी नाही मानणार.

आता रीमाताई आई होण्याआधी कोण होत्या, ते सांगतो. मूळ नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे स्वतः रंगभूमीवरच्या अभिनेत्री. शाळा पुण्याची हुजूरपागा. मुंबईत १९७९च्या सुमाराला युनियन बँकेत नोकरी लागली आणि ती त्यांनी दहाएक वर्षं केली. ही बँकेची नोकरी मला फार महत्त्वाची वाटते. त्या काळच्या मुंबईत बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांनी मराठी नाटक पोसलं. दिवसभर काउंटरवर खातेदारांची रांग संपवायची, संध्याकाळी कॅन्टीनच्या वरच्या हॉलमध्ये तालीम करायची आणि आंतरबँक स्पर्धेत दुसऱ्या बँकेच्या संघाला धूळ चारायची. महिन्याच्या एक तारखेला पगार ठरलेला, म्हणून नाटक मनासारखं निवडता यायचं. ‘वास्तव’मध्ये त्यांचे यजमान झालेले शिवाजी साटम हेही बँकेतलेच. त्यातल्या नायकाचे, संजय दत्तच्या रघूचे, आईवडील इतके खरे गिरणगावातले वाटतात, त्यामागे ही सगळी संध्याकाळची मेहनत आहे. महिनाअखेर काढणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि नाटकं कोणती? जयवंत दळवींचं ‘पुरुष’. त्यातली अंबिका रीमाताईंची आणि गुलाबराव नाना पाटेकरांचा. सत्तेच्या जोरावर बलात्कार करणारा पुढारी आणि रडत न बसता त्याचा हिशेब चुकता करणारी शिक्षिका. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते बघताना प्रेक्षक खुर्चीत आवळून बसत. मग शेखर ताम्हाणेंचं ‘सविता दामोदर परांजपे’. तो प्रयोग मी बाल्कनीतल्या तिकिटावर पाहिला. एका बाईच्या अंगात दुसरी बाई येते, एवढंच सांगितलं तर भुताची गोष्ट वाटेल. रीमाताईंनी त्यासाठी केस सोडले नाहीत की किंचाळ्या फोडल्या नाहीत. आवाज थोडा खाली गेला, नजर ठरून राहिली, बसण्याची ढब पालटली आणि वर बाल्कनीत माझ्या शेजारच्या गृहस्थांनी बायकोचा हात धरला. नाटक सुटल्यावर जिन्यात कुणी बोलत नव्हतं.

त्याच काळात त्यांनी अरुणा राजे यांचा ‘रिहाई’ केला. गावातले नवरे पोटापाण्यासाठी शहरात आणि बायका मागे राहिलेल्या. त्यांनाही शरीर असतं, इच्छा असतात, हे सांगणारा चित्रपट. त्यातली बाई करायला तेव्हा धाडस लागत होतं. म्हणजे बघा, एकीकडे अरुणा राजेंना या अभिनेत्रीत धगधगती बाई दिसली आणि दुसरीकडे मुंबईच्या मोठमोठ्या निर्मात्यांना फक्त जुहीची आई. वय तेच होतं आणि चेहराही तोच. फरक बघणाऱ्याच्या डोळ्यांत होता.

याचा सगळ्यात ढळढळीत पुरावा टीव्हीवर आहे. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ लागला. त्यात रीमाताई माधुरी आणि रेणुका शहाणे यांची आई, विहीणबाई, सोज्वळ हसऱ्या. माधुरीपेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. आणि त्याच सुमाराला दूरदर्शनवर ‘श्रीमान श्रीमती’ सुरू होती. तिच्यात त्या कोकिला कुलकर्णी, म्हणजे कोकी. नवरा केशव शेजारच्या सिनेनटीवर भाळलेला आणि त्या नटीचा नवरा दिलरुबा या कोकीवर लट्टू! अख्ख्या देशाने घरी बसून पाहिलं की एका मध्यमवर्गीय गृहिणीवर शेजारी जीव टाकतो आणि ते पटतं. साडी साधी, केसांची वेणी, स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत येणं, आणि तरीही ती हवीशी वाटते. कारण रीमाताईंनी कोकीला डोकं दिलं होतं. तिला नवऱ्याचं सगळं कळतं, शेजाऱ्याचंही कळतं आणि कुणाला कधी उघडं पाडायचं हेही कळतं. केशव झालेले जतीन कनाकिया आणि दिलरुबा झालेले राकेश बेदी धुमाकूळ घालत असताना ही बाई भुवई उंचावून हशा घेऊन जायची.

आणि ‘तू तू मैं मैं’. दिग्दर्शक सचिन पिळगावकर, सून सुप्रिया पिळगावकर, सासू रीमाताई. सासू म्हटलं की एक तर छळणारी किंवा देवघरात बसलेली, अशी दोनच खाती असतात. ही सासू भांडायची, हरायची, रुसायची, पुन्हा डाव टाकायची. तिला सुनेचा राग होता आणि सुनेशिवाय करमतही नव्हतं. माझ्या माहितीतल्या कित्येक घरांत सासू आणि सून एकाच सोफ्यावर बसून ती मालिका बघायच्या आणि दोघी आपापल्या बाजूने हसायच्या. विनोदाचं टायमिंग हा शब्द आपण कुणासाठीही वापरतो. तो त्यांच्यासाठी राखून ठेवायला हवा होता. पण स्मृतिदिनाच्या फोटोत कोकी नसते, ‘तू तू मैं मैं’ची सासू नसते, अंबिका तर नसतेच. ओले डोळे तेवढे असतात.

म्हणून आता ‘वास्तव’कडे येतो, कारण माझ्या मते हिंदी चित्रपटाने त्यांना दिलेला एकमेव पूर्ण माणूस तिथे आहे. दिग्दर्शक महेश मांजरेकर. मराठी माणूस आणि नाटकातून आलेला, हे विसरू नका. ही अभिनेत्री काय करू शकते, ते त्याला माहीत होतं. शेवटी रघू भेदरून गेलेला आहे. ज्याच्या नावाने शहर कापायचं त्याला आता सावलीचीही भीती वाटते. तोच पिस्तूल आईच्या हातात देतो आणि मला यातून सोडव म्हणतो. तिथे दुसऱ्या कुणी छाती पिटली असती. रीमाताई तसं करत नाहीत. पोर तापाने फणफणल्यावर त्याच्याकडे बघावं तसं त्या त्याच्याकडे बघतात. मग गोळी सुटते. आई मुलाला मारते, हे वाक्य लिहायला सोपं आहे. ते पटवायला बाईच्या चेहऱ्यावर आधीची सगळी वर्षं दिसावी लागतात, आणि ती दिसतात. तेरा महिन्यांचा फरक कुणाच्या ध्यानातही येत नाही. फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं नामांकन त्यांना चार वेळा मिळालं, ‘वास्तव’साठीसुद्धा. बाहुली एकदाही मिळाली नाही.

मग पुढची अठरा वर्षं? ‘कल हो ना हो’त शाहरुखची आई. आणखी कुणाकुणाची आई. मराठीत ‘आई शप्पथ’, ‘जन्म’, ‘अनुमती’ असे चित्रपट, ‘तुझं माझं जमेना’सारखी मालिका आणि रंगमंचावर मुक्ता बर्वेबरोबर ‘छापा काटा’. मराठीने तुलनेने बरं वागवलं, पण आपणही छाती फुगवण्याचं कारण नाही. पन्नाशीच्या बाईला मध्यभागी ठेवून लिहिलेली किती मराठी नाटकं आणि चित्रपट गेल्या दहा वर्षांत तुम्हाला पटकन आठवतात? एका हाताची बोटं पुरतील.

शेवटचं काम पुन्हा टीव्हीवर, ‘नामकरण’ मालिकेत. दयावंती मेहता, करारी, हट्टी, वाईट वागायला न कचरणारी. प्रेमळ आईच्या प्रतिमेला छेद देणारी ही भूमिका अठ्ठावन्नाव्या वर्षी हाती आली. १७ मे २०१७च्या संध्याकाळपर्यंत त्या सेटवर चित्रीकरण करत होत्या. त्याच रात्री छातीत दुखू लागलं, रुग्णालयात नेलं आणि १८ तारखेच्या पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने त्या गेल्या. एकोणसाठ पूर्ण व्हायला महिना राहिला होता. मालिका थांबली नाही. दयावंती दुसऱ्या अभिनेत्रीकडे गेली आणि भाग वेळेवर प्रक्षेपित झाले. रोजच्या मालिकेला थांबणं परवडत नाही, हे मला कळतं. बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये साठीकडे झुकलेली माणसं उभी असतात, हेही सगळ्यांना कळतं. पण त्यावर बोलायला लागलो तर पुढचा आठवडाही पुरायचा नाही.

तेव्हा निर्मात्यांना आणि लेखकांना एकच सांगणं आहे. आई लिहायची तर जरूर लिहा. पण ती बँकेत होती का, तिला काय खायला आवडतं, कुणावर तिचा राग आहे, नवरा झोपल्यावर ती काय विचार करते, हे आधी ठरवा. एवढं केलं तरच अभिनेत्रीकडे जा. नाहीतर नायकाला भिंतीवरच्या फोटोतली आई पुरेल, जिवंत नटीचे दिवस फुकट घालवू नका. आणि वाचकांना सांगणं असं की पुढच्या १८ मेला तो ओल्या डोळ्यांचा फोटो पुढे ढकलण्याऐवजी ‘श्रीमान श्रीमती’चा एक भाग बघा.

रीमाताईंची मुलगी मृण्मयी लागू पटकथालेखिका आहे. २०२०च्या ‘थप्पड’ची पटकथा तिने अनुभव सिन्हांबरोबर लिहिली. त्यात नायिकेची आई गाणं शिकलेली आहे आणि संसारापायी तिने ते सोडलेलं आहे. उतारवयात, मुलीचं लग्न मोडायला आलेलं असताना, ती हे नवऱ्याला तोंडावर सांगते.