प्रस्तावित रेल्वे : स्वरूप, प्रकार आणि प्रसार

प्रस्तावित रेल्वे हा महाराष्ट्रातील मध्यम शहरांत सर्वाधिक आढळणारा वाहतुकीचा प्रकार होय. तिला रूळ लागत नाहीत, चालक लागत नाही आणि ती कधी उशिरा धावत नाही, कारण तिची वेळ कोठेच छापलेली नसते. साधी रेल्वे पाहण्यासाठी स्थानकावर जावे लागते. प्रस्तावित रेल्वे चौकातल्या फ्लेक्सवर, पत्रकार परिषदेत आणि भूखंडांच्या जाहिरातींत घरबसल्या दिसते. जाहिरातीतल्या नियोजित स्थानकापासून भूखंड नेहमी पाच मिनिटांवर असतो. ही पाच मिनिटे चालत की विमानाने, याचा खुलासा केला जात नाही.

या प्रकाराच्या उदयापूर्वी राज्यात खऱ्या गाड्या धावत. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची १९०७ मध्ये आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची फेरी झाली. नाशिकचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. रेल्वे स्थानक गावापासून दूर पडले म्हणून १८८९ मध्ये तेथे स्थानक ते गाव अशी ट्राम घालण्यात आली. आरंभी ती घोडे ओढत. त्या वेळचे नाशिक आजच्या एखाद्या तालुक्याच्या गावाहून फारसे मोठे नव्हते. तरीही काम झाले. सल्लागार कंपन्यांचा तेव्हा अभाव होता, हे त्याचे एक कारण असू शकते. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी ही ट्राम बंद पडली. पुढे शहर वाढून २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजारांवर गेले, तेव्हा त्याला ट्रामऐवजी प्रस्ताव मिळाला.

तो प्रस्ताव मेट्रो निओचा. राज्य मंत्रिमंडळाने त्याला २०१९ मध्ये मान्यता दिली. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यासाठी २,०९२ कोटी रुपये घोषित झाले आणि नाशिक देशभर गाजले. गंगापूर ते नाशिकरोड ही त्यातली मुख्य मार्गिका, म्हणजे घोड्यांनी जेथे प्रवासी पोहोचवले तेच स्थानक. गाडी मात्र रबरी चाकांची, डोक्यावरच्या विजेच्या तारेवर चालणारी. मुंबईत बेस्टने १९६२ ते १९७१ या काळात अशा गाड्या चालवल्या होत्या. तेव्हा त्यांची गणना बसमध्ये होई. रेल्वेच्या वर्गात त्यांची बढती नंतर झाली. घोषणेनंतर नाशिकमध्ये एकही तार लागलेली नाही. त्यामुळे पक्ष्यांची आणि पतंगांची गैरसोय टळली आहे.

प्रस्तावित रेल्वेचे प्रकार शहराच्या ऐपतीनुसार ठरत नाहीत, अपेक्षेनुसार ठरतात. सर्वांत वर मेट्रो. तिच्याखाली २०१९ साली केंद्राने मानके ठरवून दिलेली मेट्रोलाइट, तासाला एका दिशेने पंधरा हजार प्रवाशांपर्यंतची. आणि त्याखाली आठ हजारांची मेट्रो निओ. नागपूरभोवती ब्रॉडगेज मेट्रो हा एक स्वतंत्र उपप्रकार आढळतो. त्याचा करार २०१८ मध्ये झाला. छत्रपती संभाजीनगरात शेंद्रा–वाळूज मार्गिका आहे. ती उड्डाणपुलासह सांगितली जाते, म्हणजे एकाच प्रस्तावात दोन गोष्टी न होण्याची सोय आहे. पुण्यातला उच्च क्षमतेचा वर्तुळाकार मार्ग १९८७ च्या विकास आराखड्यात आला. त्याच्या आखणीवर बांधकाम करू नये म्हणून जागा अडवून ठेवलेल्या एका पिढीने नोकरी केली, निवृत्ती घेतली आणि मार्ग अद्याप वर्तुळ पूर्ण करतो आहे. पुढे त्यावर निओ मेट्रो चालवण्याचाही विचार झाला. प्रस्तावावर प्रस्ताव धावणे ही या क्षेत्रातील प्रगत अवस्था समजावी.

अर्थकारणाचा भाग समजून घेणे अगत्याचे आहे. २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार प्रकल्पाचा आर्थिक परतावा किमान १४ टक्के दिसावा लागतो आणि आधी पर्यायांचा तौलनिक अभ्यास करावा लागतो. म्हणजे चांगल्या बसगाड्यांनी भागत नाही, हे सिद्ध करावे लागते. हे काम अवघड नाही. बहुतेक मध्यम शहरांत चांगल्या बसगाड्या नसल्याने त्यांनी भागले असते की नाही, हे तपासण्याची वेळच येत नाही. परताव्याचे १४ टक्के प्रवाशांच्या भावी संख्येतून काढतात आणि भावी प्रवासी हे सर्वांत शिस्तीचे प्रवासी असतात. ते दुचाकी घेत नाहीत, शेअर रिक्षात चौथा म्हणून बसत नाहीत आणि स्थानकापर्यंत उन्हात चालत येतात.

धोरणाची खरी मेख मात्र निराळी आहे. मेट्रो बांधायला केंद्र आणि राज्य पैसे देतात, कर्जही मिळते. बस चालवायचा तोटा मात्र पालिकेला दर महिन्याला स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. त्यामुळे तोट्यातली सिटी बस हा पालिकेचा अपराध ठरतो आणि हजार कोटींचा प्रकल्प हे तिचे कर्तृत्व. फ्रान्सने याच गाठीवर वेगळा उपाय काढला. तेथे १९७३ पासून तीन लाखांवरील शहरांना आस्थापनांकडून वाहतुकीसाठी वेतनावर कर घेता येऊ लागला. त्यातून दरवर्षी हमखास पैसा आला आणि १९८५ मध्ये नांतने ट्राम परत आणली. मागोमाग ग्रनोबल आणि स्ट्रासबूर आले. आपल्याकडे हा कर कोणी सुचवलेला ऐकिवात नाही. कराचे भूमिपूजन करता येत नाही, ही त्यातली तांत्रिक अडचण आहे.

जर्मनीतील कार्ल्सरूह हे आणखी गैरसोयीचे उदाहरण. शहर तीन लाखांचे. १९९२ मध्ये तेथे शहरातली ट्राम थेट रेल्वेच्या जुन्या रुळांवर नेली आणि लगतची गावे जोडून टाकली. अमरावतीची लोकसंख्या २०११ मध्ये ६ लाख ४७ हजार होती. मुख्य लोहमार्गावरच्या बडनेऱ्याहून शहराच्या गाभ्यापर्यंत येणारा लोहमार्गाचा फाटा तेथे आधीच आहे. अशा फाट्यावर दर पंधरा मिनिटांनी हलकी गाडी सोडण्यासाठी फार मोठा अहवाल लागणार नाही, आणि बहुधा म्हणूनच तसे करावे असे कोणास वाटत नाही. आधी असलेल्या रुळांना उद्घाटनमूल्य नसते.

याचा सर्वांत सविस्तर पुरावा वऱ्हाडात मिळतो. मूर्तिजापूर–यवतमाळ (११३ किलोमीटर), मूर्तिजापूर–अचलपूर (७६ किलोमीटर) आणि पुलगाव–आर्वी हे अडीच फुटी अरुंद मार्ग किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी घातले. हेतू कापसाचा होता: वऱ्हाडातल्या गाठी मुख्य मार्गावर, तेथून मुंबईस आणि पुढे मँचेस्टरला. त्याच मँचेस्टरहून आलेले वाफेचे इंजिन १९२० च्या दशकापासून १९९४ पर्यंत राबले. लोक या गाडीला शकुंतला म्हणत. देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा हे मार्ग खासगी कंपनीकडेच राहिले. करार दर दहा वर्षांनी पुढे जात राहिला आणि त्यापोटी कंपनीला द्यायच्या कोटभर रुपयांचा आकडा वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे छापून येत राहिला. रुळांची देखभाल कोणी करायची, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी सौजन्याने एकमेकांना देऊ केला.

परिणामी गाडीचा वेग कमी होत गेला. यवतमाळपर्यंतच्या ११३ किलोमीटरला सहा-सात तास लागू लागले. फाटक उघडायला, लावायला आणि तिकिटे द्यायला गाडीबरोबरचीच माणसे उतरत. तरीही कारंजा, दारव्हा, लाडखेड या पट्ट्यातील मजूर, भाजीवाले आणि शाळकरी पोरे तीत बसत, कारण तिकीट एसटीच्या मानाने नगण्य होते. २०१६ मध्ये मार्ग ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली. त्यानंतर आधी यवतमाळची, मग अचलपूरची गाडी थांबली. अशा रीतीने शकुंतला संथ रेल्वेच्या वर्गातून निघून प्रस्तावित रेल्वेच्या वर्गात दाखल झाली. तिच्या अंगी असलेला एकमेव दोष, म्हणजे ती धावत असे, यामुळे दूर झाला.

शेजारच्या वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाची कथा आशादायक मानतात. २८४ किलोमीटरचा हा प्रकल्प २००८-०९ मध्ये मंजूर झाला, २००९ मध्ये पायाभरणी झाली आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब या सुमारे ४० किलोमीटरच्या पहिल्या टप्प्यावर गाडी सुटली. पंधरा वर्षांत चाळीस किलोमीटर. या गतीने शकुंतलेला मागे टाकता येत नाही, पण प्रकल्पाचा खर्च मात्र सुपरफास्ट निघाला: मूळ अंदाज पावणेतीनशे कोटींच्या आसपास होता, तो हजारांच्या घरात शिरला.

याच मुलखात या प्रकारचा कळसही आहे. मुंबई–नागपूर बुलेट ट्रेन समृद्धी महामार्गाला धरून जाणार असे ठरले. २०२१ च्या मार्चमध्ये विमानातून लेझरने मार्गाचे सर्वेक्षण सुरू झाले. प्रस्तावित स्थानकांच्या यादीत वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड आणि मालेगाव जहांगीर ही दोन नावे आहेत. कारंजाची प्रगती पाहण्यासारखी आहे. ताशी वीस किलोमीटरची गाडी तेथून गेली आणि ताशी तीनशे वीस किलोमीटरची तेथे प्रस्तावित झाली. दोन्हींतून आज कारंजाहून कोठेही पोहोचायला लागणारा वेळ सारखाच आहे.

कारंजा तालुक्यातील धनज हे गाव या शास्त्राच्या दृष्टीने प्रभावक्षेत्रात मोडते. प्रभावक्षेत्र म्हणजे प्रस्तावित स्थानकापर्यंत ज्यांनी स्वखर्चाने पोहोचायचे, असे प्रवासी राहतात तो भाग. मेट्रो, मेट्रोलाइट आणि निओ यांपैकी कोणत्याही निकषात धनज बसत नाही, त्यामुळे या गावासाठी कोणी काही प्रस्तावित केलेले नाही आणि म्हणून येथे वाहतूक अजून प्रत्यक्षात होते. एसटी येते, ती न आल्यास काळीपिवळी असते, तीही भरून गेल्यास एखादा दुचाकीवाला मागे बसवून घेतो. या तिन्ही साधनांचा तौलनिक अभ्यास झालेला नाही आणि त्यांचा आर्थिक परतावा १४ टक्के भरतो किंवा कसे, हे कारंजाच्या बाजारात उतरणारे प्रवासी सहसा विचारत नाहीत. ते परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, एवढे विचारतात.