शून्य कुठं धरायचं?
सातारा-सांगलीच्या गृहेच्छूंसाठी संगणकीय घर-आराखड्याची मार्गदर्शिका

ज्यांचा प्लॉट एनए झाला आहे, कर्ज मंजूर व्हायचं आहे आणि मधल्या काळात भाच्याने लॅपटॉपवर घर काढायचं फुकट सॉफ्टवेअर घालून दिलं आहे, अशा सातारा व सांगली जिल्ह्यांतल्या सर्वांसाठी ही मार्गदर्शिका आहे. आर्किटेक्ट नेमलेल्यांनीही वाचायला हरकत नाही. नाहीतरी ते आर्किटेक्टचं ऐकणार नाहीतच.

सॉफ्टवेअर उघडलं की समोर एक सपाट, साफ, हद्दीचा वाद नसलेली जागा येते. अशी जागा दोन्ही जिल्ह्यांच्या कुठल्याही तालुक्यात नाही, हे पहिल्यांदा ध्यानात घ्यावं. स्केचअपमध्ये लाल, हिरवी आणि निळी अशा तीन रेघा जिथं भेटतात ते शून्य. स्वीट होम थ्रीडीत जमिनीची पातळी म्हणजे शून्य. जमीन एकच असते आणि ती आडवी असते, असं दोन्हीकडे गृहीत धरलेलं आहे. स्वीट होम थ्रीडी फ्रान्समधल्या इमॅन्युएल प्युबारे यांनी लिहिलं. त्यांचा साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या उताराशी संबंध आला नसावा. इथल्या पेठांत पुढच्या रस्त्यावरून एकमजली दिसणारं घर मागच्या बोळातून दुमजली दिसतं, आणि दोन्ही बाजूंचे शेजारी आपापल्या मजल्यांबद्दल ठाम असतात.

तेव्हा साताऱ्यात शून्य धरावं ते पुढच्या रस्त्याच्या मध्यावर, प्लॉटच्या कोपऱ्यावर नव्हे. मग पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांची पातळी घ्यावी आणि ती उणे-अधिक अशी लिहून ठेवावी. मिस्त्रीकडे ती पारदर्शक नळी असतेच. तिला लायसन्स लागत नाही आणि ती हँग होत नाही. जोतं रस्त्यापेक्षा किमान दोन फूट वर दाखवावं. कारण सॉफ्टवेअरमधला रस्ता स्थिर असतो, आपला दर निवडणुकीला चार बोटं वर येतो. जुना थर न खरवडता नवं डांबर ओतलं जातं आणि पंधरा वर्षांत पोर्चमध्ये उतरायला पायरी करावी लागते. अशा अंगणांत पावसाळ्यात काय होतं ते पाहायला लांब जावं लागणार नाही.

सांगलीत प्रश्न उताराचा नाही, नदीचा आहे. १९२९ साली झालेल्या इर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या पुढे गेली. नवखा वापरकर्ता इथं हमखास घोळ घालतो. आकडा ऐकून तो मॉडेलमध्ये घराभोवती ५७ फूट निळं पाणी ओततो आणि पाच मजले पार्किंगला सोडतो. त्या पट्टीचं शून्य खाली नदीपात्रात आहे, आपल्या अंगणात नाही. आपलं शून्य आपल्या गल्लीत शोधावं. शेजारच्या जुन्या भिंतीवर २०१९चा चिखलाचा पट्टा असतो किंवा कुणीतरी रंगाने रेघ मारून तारीख टाकलेली असते. त्या रेघेपासून आपल्या प्लॉटपर्यंत नळी लावावी आणि मॉडेलमध्ये त्या उंचीवर एक पातळ निळा थर घालून ठेवावा. विजेचा मीटर, इन्व्हर्टर आणि कपाटातली कागदपत्रं या थराच्या वर आली पाहिजेत. थर वहिनींना आवडत नाही, फोटोत घर बुडाल्यासारखं दिसतं. फोटो काढताना तो लपवावा, पुसू नये. पाणी कोयना धरणानं आणलं की अलमट्टी धरणानं अडवलं, यावर मॉडेलमध्ये काही करता येत नाही. तो विषय चहाच्या गाड्यासाठी राखून ठेवावा. साताऱ्याकडच्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे की १०५.२५ टीएमसीची कोयना त्यांच्या जिल्ह्यात आहे, आणि तिचे दरवाजे किती फुटांनी उचलले यावर सांगलीकराचं शून्य ठरतं.

शून्य पक्कं झालं की भिंती. स्वीट होम थ्रीडी सेंटिमीटरमध्ये चालू केलं तर नवी भिंत आपोआप साडेसात सेंटिमीटर जाड आणि २५० सेंटिमीटर उंच येते. म्हणजे तीन इंच जाड आणि जेमतेम सव्वाआठ फूट उंच. असली भिंत आपल्याकडे फक्त गणपतीच्या डेकोरेशनला चालते. बाहेरच्या नऊ इंची भिंतीला २३ आणि आतल्या साडेचार इंचीला साडेअकरा सेंटिमीटर हे आकडे त्या-त्या भिंती काढायच्या आधी प्राधान्यक्रमात भरून घ्यावेत. गिलावा धरून आणखी थोडे वाढवावेत. हे न करता काढलेलं घर पडद्यावर ऐसपैस दिसतं आणि फक्की मारल्यावर प्रत्येक खोली अर्ध्या फुटाने आखडते. मग मिस्त्रीवर संशय घेतला जातो. वाई-साताऱ्याच्या जुन्या वाड्याची भिंत काढायची असेल तर दोन-अडीच फूट जाडी घालावी, आणि ती एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी भरली तर टेप पुन्हा धरत बसू नये. ती तशीच आहे.

एककांबद्दल एक वेगळा इशारा. इंटरनेटवरून उतरवलेला पलंग कधी कधी इंचाचा मिलिमीटर समजून, कधी उलट समजून येतो, आणि हा गोंधळ २५.४ पटीचा असतो. साडेसहा फुटी पलंग १६५ फुटांचा होतो. आपल्या हिशेबात सांगायचं तर एकाला एक लागून असलेले पाच गुंठे ओलांडून जाणारा. घाबरू नये. तो पुसायच्या आधी त्याची लांबी वाचावी आणि २५.४ने भागावी.

आता नकाशा गिरवणं. सिटी सर्व्हेचा उतारा, त्याची झेरॉक्स, झेरॉक्सचा व्हॉट्सअॅपवरचा फोटो, फोटोत टेबलावरच्या चहाच्या कपाची कड: ही आपली पार्श्वभूमी प्रतिमा. ती आत घेताना सॉफ्टवेअर दोन बिंदूंमधलं खरं अंतर विचारतं. तिथं दाराची रुंदी देऊ नये. प्लॉटची सगळ्यात लांब बाजू द्यावी, कारण लहान मापातली बोटभर चूक मोठ्या बाजूवर हातभर होते. नंतर दोन्ही कर्ण मोजावेत. चौकोनी म्हणून घेतलेल्या प्लॉटचे कर्ण सारखे आले नाहीत तर प्लॉट गुण्यात नाही. सॉफ्टवेअरमधलं चुंबक मात्र ओढलेली प्रत्येक भिंत ठराविक कोनांनाच खेचून धरतं आणि पडद्यावर ती गुण्यात असल्याचा आभास करतं. ते बंद करावं. जमिनीवर तीन-चार-पाचची दोरी धरणाऱ्या गवंड्याला हे कधीच सांगावं लागत नाही.

"पृष्ठभाग भरत नाही" ही स्केचअपवाल्यांची मुख्य तक्रार. चारही कडा जोडल्या, तरी मध्ये पोकळीच. याचा अर्थ चौथा कोपरा इतर तिघांच्या पातळीत नाही. कर्णरेषा मारली की दोन त्रिकोण होतात आणि दोन्ही भरतात. भावाभावांच्या वाटणीत हा उपाय करून पाहू नये. त्याच सॉफ्टवेअरमध्ये भिंत काढल्यावर लगेच ग्रुप केला नाही तर ती शेजारच्या भिंतीला चिकटते, आणि एक हलवली की दुसरी ओढली जाते. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे उलगडून सांगायची गरज नाही.

काही वस्तू मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरला सहजी जमत नाहीत, आणि त्यांत पहिला मान सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचा. हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. स्वीट होम थ्रीडीत उणे उंचीचा मजला करता येतो, गोल भिंतही काढता येते, पण ती सरळ उभीच राहते. पोट फुगवता येत नाही. तिरकी होते ती फक्त वरची कड. स्केचअपमध्ये अर्धा आकार काढून वर्तुळाभोवती फिरवला की पेव मिळतं. मिळाल्यावर लक्षात येतं की त्याला दार नाही, खिडकी नाही, आणि स्वीट होम थ्रीडीच्या तयार वस्तूंच्या यादीतली एकही गोष्ट त्यात ठेवण्याजोगी नाही. त्या यादीत बाथटब मिळतो. तुळशी वृंदावन, झोपाळा, पाटा-वरवंटा आणि दिवाळीनंतर माळ्यावर जाणारा भला मोठा डबा मिळत नाही. माळाच मिळत नाही, तर डबा कुठून मिळणार?

छपराबाबत एवढंच सांगायचं की एकाच सातारा जिल्ह्यात पावसाचं महाबळेश्वरही येतं आणि दुष्काळी माणही. तयार आराखडा उतरवण्याआधी आपण ढगात राहतो की टँकरवर, हे तपासावं.

दिशांवर जास्त वेळ द्यावा लागतो, कारण वास्तूवाले मामा. मामांनी देवघर ईशान्येला आणि स्वयंपाक आग्नेयेला सांगितलेला असतो, पण ईशान्य त्यांनी मोबाइलच्या होकायंत्रावर, स्टीलच्या थप्पीशेजारी उभं राहून काढलेली असते. लोखंडापासून आणि गाडीपासून लांब जाऊन उत्तर पुन्हा घ्यावी. मग स्वीट होम थ्रीडीतल्या होकायंत्रावर डबल क्लिक करून अक्षांश घालावा: साताऱ्याला १७.७, सांगलीला १६.८५. हे केलं की कामाची गोष्ट दिसते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारी बाराला सूर्य आपल्या उत्तरेला असतो. "उत्तरेच्या खिडकीला ऊन येतच नाही" हे युरोपातल्या पुस्तकातलं ज्ञान आहे. मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा लागतो. मामांना मॉडेलमध्ये जूनची दुपार लावून दाखवावी. ते संगणकाला नावं ठेवतील, पण छज्जा राहील.

खांब पुसला तरी पडद्यावरचा स्लॅब हवेत तसाच थांबतो. घर काढायच्या या प्रोग्रॅमांना वजन ठाऊक नसतं. ११ डिसेंबर १९६७ची कोयना भूकंपाची पहाट ज्यांना आठवते ती पाटण, कराडकडची म्हातारी माणसं असले हॉल पाहून गप्प होतात. "मधला कॉलम नको, सोफ्याला आडवा येतो" असं घरात ठरलं तर तो मॉडेलमधून काढायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला फोन करावा. सोफा सरकतो.

कंट्रोल-झेडने स्केचअप शंभर पावलं मागं जाऊ देतं. पुण्याहून आत्या येऊन गेल्यावर ती पुरत नाहीत, म्हणून तिच्या येण्याआधी फाईलची प्रत काढून ठेवावी.

शेवटी मिस्त्री. त्यांना लॅपटॉप दाखवू नये. मापं लिहिलेला मोठा कागद द्यावा, भिंतींच्या मध्यरेषांसकट. ते कागद उलटा धरतील, बराच वेळ बघतील आणि विचारतील, "सगळं झ्याक हाय, पर मोरीचं पानी कुठनं काढायचं?" याचं उत्तर मॉडेलमध्ये नसतं. तिथेच दोन तास बसून चेंबर, उतार आणि पाईप काढून घ्यावेत. स्लॅब ओतायच्या आधी कंड्युटचे फोटो काढून त्याच फाईलशेजारी ठेवावेत. सेप्टिक टँक खरोखर जिथं खणला तिथंच तो मॉडेलमध्ये दाखवावा, आधी ठरला होता तिथं नव्हे. दहा वर्षांनी त्याची जागा फक्त त्या फाईलला ठाऊक असेल आणि ती उघडणारा भाचा बंगळुरूला असेल. त्याचा फोन नंबर टाकीच्या झाकणावर ऑईल पेंटने लिहून ठेवावा.