चालू वाकळींची प्रगती

वलगावसारख्या वऱ्हाडी गावातल्या घरात एका वेळी तीन वाकळी, म्हणजे गोधड्या, 'चालू' असणे हा नियम मानावा. एकीची ठिगळे कापून गाठोड्यात बांधलेली, दुसरीच्या कडा तेवढ्या टाचलेल्या, तिसरी निम्मी शिवून दिवाणाखाली. कृती सोपी आहे. जुन्या सुती लुगड्या-धोतरांचे थर जमिनीवर ताणून पसरायचे, कोपऱ्यांवर वजनाला वरवंटा नाहीतर भरला तांब्या ठेवायचा, चारी कडा शिवून घ्यायच्या आणि धावदोऱ्याच्या ओळी बाहेरून आत नेत मध्यावर पोचायचे. मध्यावर पोचणे बहुधा पुढच्या उन्हाळ्यासाठी राखीव असते. नेमके तेव्हाच नात्यात बाळंतपण निघते आणि बाळाच्या दुपट्याच्या निमित्ताने चौथी सुरू होते. सुईत दोरा ओवायला नातू लागतो, नातवाला मोबाइल लागतो. कोणी विचारलेच तर उत्तर तयार: "झालीच समजा न बाप्पा!" सुती लुगड्यांऐवजी घेतलेल्या नायलॉनच्या साड्यांचे थर घसरतात, घामही टिपत नाहीत, तरी दोष सुईलाच दिला जातो.

याच वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. चिंध्यांच्या पेहरावामुळे लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. त्यांची गोधडी अंगावर होती. पूर्ण होण्याची वाट पाहत दिवाणाखाली नव्हती.

बाकी घरांत थंडी पडली की बाजारातून सोलापुरी चादर येते.